सोडा शिल्लक

लोकमान्य नगरची शेवटची मेट्रो गेली तेव्हा
मी हिंगणा एमआयडीसीत, कूलरच्या कारखान्यात,
स्टोअररूममध्ये.
बाहेर तीनशे कूलर रंग वाळायची वाट बघत उभे
आणि आत एकही नाही,
सर्व्हरला ओल चालत नाही.
सर्व्हर म्हणजे अकाउंट्सचा जुना डबा,
झाकण काढलेला, तोंडाशी टेबल फॅन,
मागे वाळ्याच्या ताट्यांची थप्पी.
मे महिना. रात्री अकरालाही भिंतीला हात लागवत नव्हता.

मालक म्हणाले होते, "फुकट आहे नं? मंग टाकून दे.
पण डेटा आपल्या घरातच राहिला पाह्यजे."
हे ते घर.

इन्स्टॉल होता होता परवाना वाचला,
आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत :
कुणीही वापरा, बदला, वाटा.
कसलीही हमी नाही.
नऊ वर्षं मीही याच अटींवर येतोय इथे.

पहिला प्रयत्न डेटाबेसच्या आवृत्तीवर अडला.
दुसऱ्याला वीज गेली,
यूपीएस टिटवीसारखा ओरडला आणि गप्प झाला.
तिसऱ्या खेपेला काळ्या पडद्यावर ओळी सुटल्या
प्रेसखालून चकत्या सुटतात तशा.
लांजेवार चौकीदार दारात येऊन बघत राहिला.
"झालं का बे?"
"होऊन राह्यलं."
"हजेरी कटते का याच्यात?"
"कटते."
"मंग चालतेच ते."

एक चाळीसला पान उघडलं. चक्क मराठीत.
कुठल्या गावचा, कोण, रात्री जागून
बिनपगारी शब्द लावत बसला असेल!
घाई झाली असावी त्याला.
रजेला त्याने म्हटलं होतं सोडा
आणि नोकरी सोडून गेलेल्याला : डावा.

मी एकटाच हसलो, फॅनसमोर.
मग जुनं मस्टर उघडलं, नावं चढवायला घेतली
आणि प्रेसवरच्या डोमाजी नारनवरेपाशी आलो.
त्याचा खरंच डावा गेला होता.
यादीतून निवडायची होती स्थिती.
मी बराच वेळ कर्सर तसाच ठेवला.
शेवटी भाषांतराच्या फायलीत शिरलो,
'डावा' खोडून 'सोडून गेले' लिहिलं.
तेही खोटंच होतं, पण निदान मराठी होतं.

चाचणीला एक माणूस लागतो, चालता-बोलता.
मी माझंच नाव टाकलं : देवानंद मधुकर पराते.
रुजू झाल्याची तारीख मागितली. दिली, नऊ वर्षांपूर्वीची.
पद विचारलं. काही सुचेना, 'तंत्रज्ञ' लिहिलं.
सोडा शिल्लक : एकवीस.

एकवीस!
एक दिवसाचा अर्ज टाकून पाहिला, फक्त चालतं का बघायला.
कारण : मुलीचे दात.
मंजुरी देणारा अधिकारी : देवानंद मधुकर पराते.
त्याने फार विचार केला नाही.
सोडा शिल्लक : वीस.

नऊला खोब्रागडे मॅडम येणार, त्याआधी साफसफाई.
सगळ्या खोट्या नोंदी पुसल्या,
खोटी सुट्टी, खोटा विभाग, खोटी पगारपत्रकं.
माझ्यावर आलो आणि लाल पट्टी :
या कर्मचाऱ्याशी इतर नोंदी जोडलेल्या आहेत.
काढून टाकता येणार नाही.

मला उपाय माहीत आहे. दोन कमांड.
टाईपसुद्धा केल्या होत्या.
फॅन एका बाजूला वळला, परत आला,
वाळ्याचा वास आला, कोरडाच.
मी ओळ मागे मागे खोडत गेलो
आणि बॅकअपची वेळ लावून दिली, रोज रात्री दोन.

पाच वाजता गेटवर लांजेवारनं
अभ्यागतांची वही पुढे केली, नेहमीसारखी.
नाव. गाव. कोणाला भेटायचे.
जाण्याची वेळ.
"सही राह्यली इथं," तो म्हणाला.